लाल टिब्ब्यावरून आलेला फोन

सँट्रीकडे जाणाऱ्या बसच्या वरच्या मजल्यावर केतकीच्या शेजारी एक भिजलेला, उंच मुलगा येऊन बसला, तो केवळ दुसरी जागा नव्हती म्हणून. डब्लिनचा पाऊस असाच... कोसळत नाही, नुसता अंगाला चिकटून राहतो. केतकीचं पावसाकडेही लक्ष नव्हतं आणि मुलाकडेही. तिच्या फोनमध्ये मसुरी होती. म्हणजे बाबांचा अंगठा होता, कारण कॅमेऱ्यावर नेहमी तोच यायचा.

आईबाबांची ही सहल तिनेच इथे बसून आखली होती. स्वतःला रजा मिळाली नाही, म्हणून मग रोज ऑफिसला जाता जाता फोनवरून वाट दाखवणं चाललं होतं.

“बाबा, उद्या केम्प्टी धबधबा, मग धनौल्टी, आणि येताना त्या शिखरवाल्या एव्हरेस्टसाहेबांचा बंगला. सगळं जवळजवळच आहे.”

शेजारी कोणीतरी खुदकन हसलं.

“सॉरी,” मुलगा चक्क मराठीत म्हणाला, “पण एवढं केलंत तर काका दिवसभर गाडीतच बसतील. केम्प्टी एका टोकाला, धनौल्टी दुसऱ्या. नकाशावर बोटभर दिसतं, पण घाट आहे तो.”

“तुम्हाला बरं माहीत.”

“डेहराडूनला वाढलोय. वडिलांची नोकरी तिकडे होती. मसुरी म्हणजे आमची शाळा बुडवून जायची जागा.”

“कोण आहे गं?” फोनमधून बाबा ओरडले. “दे त्यांना.”

केतकीच्या बाबांना, उपेंद्ररावांना, बोलायला माणूस मिळाला की ते त्याला सहजासहजी सोडत नाहीत. सँट्री येईपर्यंत धनौल्टी दुसऱ्या दिवसावर गेली, केम्प्टीला गर्दीच्या आधी पोचायचं ठरलं, आणि त्या मुलाचा नंबर केतकीच्या आधी तिच्या बाबांकडे गेला. सारंग हे त्याचं नावही तिला बाबांच्या तोंडूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी तो त्याच बसमध्ये होता. शेजारची जागा बॅग ठेवून अडवलेली होती.

“ही कोणासाठी?” तिने विचारलं.

“तुझ्या बाबांसाठी. तू घेऊन येतेस ना त्यांना.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, हे तिने विचारलं नाही. मसुरीत दुपारचं जेवण उरकलं की फोन यायचा, तेव्हा इकडे सकाळचे नऊ वाजलेले असायचे. एकाच फोनवर दोन डोकी वाकायची. त्याच्या ओल्या जॅकेटचा वास, खिडकीवर धावणारे थेंब, आणि फोनमध्ये कॅमल्स बॅक रोडवर घोड्याला घाबरणारी आई. केतकीला आपला स्टॉप फार लवकर येतो असं वाटू लागलं.

“काकूंना सांग, सूर्य बुडाला की लगेच हॉटेलात पळायचं नाही,” सारंग एकदा म्हणाला. “त्यानंतर आकाशात एक आडवी रेघ उमटते. खाली जांभळं, वर केशरी. विंटरलाइन म्हणतात तिला.”

“आणि तू कोणाबरोबर बघायचास ती?”

“मित्रांबरोबर. सगळे मुलगेच... दुर्दैवाने.”

“ग्रँड,” केतकी डब्लिनकरांच्या ‘छान’सारखं म्हणाली, आणि बाहेर बघत बसली. हसू लपवायला तिला दुसरी जागा सापडली नाही.

एक गोष्ट मात्र तिने त्याला सांगितली नव्हती. पुण्यातून तिला एक स्थळ आलं होतं. संकेत नावाचा मुलगा, चांगली नोकरी, भली माणसं. नाव ठेवायला जागाच नव्हती, हीच खरी पंचाईत. “आम्ही मसुरीहून निघायच्या आत हो की नाही ते सांग,” आई म्हणाली होती. सहल सुरू होण्याआधी केतकी ‘हो’च म्हणणार होती. आता तिला दिवसभर एकच घोर लागला होता... हा काही बोलेल का? की याला नुसते डोंगरच दाखवायला आवडतात?

रविवार हा सहलीचा शेवटचा दिवस. बसऐवजी त्यांनी सँट्रीतल्या एका कॅफेत भेटायचं ठरवलं. केतकीने दोनदा कपडे बदलले आणि वेळेवर पोचली. सारंग आधीच आलेला होता. समोरचा चहा गार झाला होता. चेहरा असा, जणू कोणी त्याला झोपेतून उठवून परीक्षेला बसवलंय.

“फोन येऊन गेला,” तो म्हणाला.

“कसा? आत्ता तर नऊ वाजतायत.”

“काल रात्री इकडची घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली. काकाकाकूंना ते कुठून माहीत असणार? जेवण झाल्यावर रोजच्यासारखा फोन केला, तेव्हा इथे आठ वाजले होते. तू उचलला नाहीस, म्हणून मग मला केला. ते लाल टिब्ब्यावर होते, मसुरीच्या सगळ्यात उंच टोकावर; व्हिडिओला रेंज नव्हती. नुसता आवाज.”

केतकी रविवारी आठ वाजता गाढ झोपलेली असते, हे सांगायला नकोच; आणि उठल्यावर कपड्यांच्या गडबडीत तिने फोन पाहिलाच नव्हता.

“मी हॅलो म्हणायच्या आत काकू बोलायलाच लागल्या. त्यांना वाटलं, रोजच्यासारखे आपण दोघं आहोत आणि व्हिडिओ नाही म्हणून फोन तूच कानाला लावलायस. म्हणाल्या, केतकी, सारंग शेजारी असेल तर काही बोलू नकोस, नुसतं हं नाहीतर अंहं म्हण. पुण्याच्या लोकांना होकार कळवू का?”

केतकी खुर्ची पुढे ओढून बसली. “मग?”

“मग...” त्याने कप उगाच फिरवला. “मी अंहं म्हणालो.”

“माझं उत्तर तू दिलंस?”

“तोंडातून निघून गेलं गं. लगेच सांगितलं त्यांना, काकू, मी सारंग बोलतोय. केतकी इथे नाहीये. ते माझं उत्तर होतं, तिचं तुम्ही तिला विचारा.” आता त्याने वर पाहिलं. “चुकलंच माझं. पण खोटं नव्हतं ते. तू मला फार आवडतेस, केतकी. बसमध्येच सांगायचं होतं रोज, पण शेजारी नेहमी तुझे बाबा असायचे.”

तिला रागावायचं होतं. खरं तर दोन मिनिटं तरी रागावून दाखवायला हवं होतं. पण डोळे भरून आले आणि हसूही आलं, आणि या दोन्हींत राग कुठे बसेना.

“आई काय म्हणाली?”

“म्हणाल्या, ती आली की फोन करायला सांग. आम्ही उतरत नाही तोवर.”

केतकीने फोन लावला. पहिल्याच रिंगला आईने उचलला.

“केतकी, तूच ना? की आणखी कोणी?”

“मीच आहे, आई.”

“मग काय कळवू त्यांना?”

सारंग टेबलाकडे बघत होता. केतकीने त्याच्या हातातला कप काढून बाजूला ठेवला आणि तो हात आपल्या हातात घेतला.

“अंहं,” ती म्हणाली.

तिकडे आईने एक मोठा श्वास सोडला. “अहो,” ती बाबांना म्हणाली, “दोघांचं उत्तर एकच आलं. चला आता खाली, मला थंडी वाजतेय.”