पाठ फिरवण्याचा नियम

कुलूप-किल्लीच्या दुकानात प्रेम जमणं तसं अवघड. गिऱ्हाईक येतं तेव्हा एकतर त्याची किल्ली हरवलेली असते, नाहीतर घरी चोरी झालेली असते. दोन्ही वेळी त्याचा चेहरा प्रेमात पडण्यालायक नसतो.

तो आला तेव्हा मात्र त्याचं काहीच हरवलेलं नव्हतं. समोरच्या रांगेत त्याने नुकतंच चष्म्यांचं दुकान थाटलं होतं आणि फ्रेमच्या कपाटाला त्याला आकड्यांचं कुलूप हवं होतं. बाहेर भुरभुर चालू होती. चष्म्यावर थेंब, आणि पुसायला अंगावर कोरडं असं काहीच नाही. गल्ल्यावरच्या मुलीने किल्ल्या घासायची कानस पुसायचं, पितळेचा कीस लागलेलं फडकं पुढे केलं. त्याने पुसलं. आता त्याला सगळं जग पितळी दिसू लागलं. मुलगीसुद्धा.

“हे घ्या कुलूप. तुमचा आकडा लावा. जन्मतारीख नको.” एवढं बोलून ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“माझं काही चुकलं का?”

“आकडा लावा हो! गिऱ्हाईक आकडा लावताना पाठ फिरवायची, हा दुकानाचा नियम आहे. आजोबांपासूनचा.”

“आणि मी विसरलो तर?”

“तर कुलूप कापायचं आणि नवं घ्यायचं. त्यावरच तर दुकान चालतं.”

तो हसला. ती वळली... झालं ते एवढंच. पण त्याच आठवड्यात तो दोनदा आकडा विसरला. दुसऱ्यांदा तर तो विसरायचं ठरवूनच आला होता. हे तिला कळलं, आणि तिला कळल्याचं त्यालाही कळलं.

मुलीचं घरातलं नाव बेबी. बेबी पदवीधर झाली, मशीनवर किल्ल्या कापायला शिकली, निम्म्या बाजाराच्या अडकलेल्या तिजोऱ्या उघडून झाल्या, तरी नाव बेबीच. घर दुकानाच्या मागेच. घरात बाबा आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. बाजारभर कुलपं विकणाऱ्या या घरात एकाही फोनला कुलूप नव्हतं. मेसेज आला की जो जवळ असेल त्याने वाचायचा, असा रिवाज होता. जवळ नेहमी आत्याच असे.

“‘तुमची फ्रेम आली आहे. स्वतः आलात तर बरं होईल,’” एके सकाळी आत्याने स्वयंपाकघरातून खणखणीत आवाजात वाचलं. “बेबी, तुला चष्मा कधी लागला ग?”

बेबीला चष्मा लागला नव्हता. तिने फोन हातातून घेतला आणि तिथेच, गॅससमोर उभं राहून, त्याला सहा आकड्यांचं कुलूप लावलं.

“अग, घरात कसलं कुलूप?” आत्या म्हणाली. “लपवण्यासारखं काय आहे?”

“काही नाही. म्हणूनच लावलंय.”

बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. “आपल्या माणसांवर अविश्वास, बेबी?”

“बाबा, तुम्ही न्हाणीघराला कडी लावता. मी कधी वाईट वाटून घेतलं?”

वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

त्या दुपारी ती चष्म्याच्या दुकानात गेली. तिने बिनानंबरची एक फ्रेम नाकावर ठेवली आणि कशी दिसते ते बघायला फोटो काढावा म्हणून फोन हातात घेतला. आकडा टाकायला बोट उचललं, तोच तो गर्रकन वळला आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर जाऊन शेवटची ओळ मोठ्याने वाचू लागला.

“हे काय करताय?”

“तुमच्या दुकानाचा नियम. झालं की सांगा... घाई नाही.”

बेबीचं बोट तसंच राहिलं. आजवर ती शेकडो गिऱ्हाइकांसाठी वळली होती. तिच्यासाठी कुणी वळलं नव्हतं. प्रेमात म्हणे नजरेला नजर भिडावी लागते. तिच्यासमोर एक पाठ होती, शर्टाची इस्त्री एका बाजूला बिघडलेली — आणि आत कुठेतरी खट् झालं. कुलूप लागताना होतं तसं नव्हे. उघडताना होतं तसं.

मग मेसेज सुरू झाले. आत्या चिवट होती.

“बंद फोनवरसुद्धा येतंच की सगळं वर,” ती समाधानाने म्हणाली. “‘आज निळ्या ड्रेसमध्ये...’ पुढचं तेवढं दिसत नाही. पुढे काय आहे ग?”

बेबीने सेटिंगमध्ये जाऊन तेही बंद केलं. आता बंद फोनवर फक्त ‘एक मेसेज’ एवढंच दिसे. आत्याने मग तक्रार केली नाही. बेबीला वाटलं, आपण जिंकलो.

रविवारी सकाळी दुकान उघडताच तो आला. शर्टाला दोन्ही बाजूंनी इस्त्री. बाबा शेल्फवरची कुलपं पुसत होते.

“काल तुम्ही हो म्हणालात, म्हणून... म्हणजे... आलो.”

“मी? कशाला हो म्हणाले?”

त्याने फोन पुढे केला. त्याने लिहिलं होतं, ‘तुमच्या बाबांना भेटायला येऊ का? आपल्याबद्दल बोलायला.’ खाली तिच्या नावाने उत्तर, गुलाबाच्या ताटव्यासकट: ‘हो हो, अवश्य या! घरात तुम्ही सगळ्यांना पसंत आहात.’

“सगळ्यांना?” बेबी म्हणाली.

“मलाही जरा शंका आली होती. तुम्ही फुलं टाकत नाही कधी.”

“मग विचारलं का नाहीत?”

“विचारलं असतं... आणि होकार परत गेला असता तर?”

बेबी आत गेली. स्वयंपाकघरात, पदार्थांचे व्हिडिओ बघायला आणलेला टॅब मसाल्याच्या डब्यांना टेकून उभा होता. मागे फोनची काच फुटली तेव्हा तिने स्वतःच आपले मेसेज त्याच्यावर जोडले होते. ते तोडायचं राहून गेलं होतं. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं! किल्लीवाल्याची मुलगी म्हणवून घ्यायची लाज वाटावी अशी चूक.

ती एका हातात टॅब आणि दुसऱ्या हातात आत्या घेऊन बाहेर आली.

“अग, कालपासून तू बघितलाच नव्हतास मेसेज! तो बिचारा ताटकळत होता,” आत्या म्हणाली. “मी नसते तर तुझं कसं झालं असतं?”

“माझं मी केलं असतं.” बेबी त्याच्याकडे वळली. “तो होकार माझा नाही.”

त्याचा चेहरा उतरला. तिने टॅबवर त्या होकारावर बोट दाबलं आणि तो दोघांकडूनही पुसला. त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच हातातल्या फोनवरून, त्याचं लग्न पुसलं गेलं. मग टॅबवरचे मेसेज तोडले. नवा पासवर्ड टाकायला तिने आपला फोन उचलला, तेव्हा एवढं सगळं होऊनही तो सवयीने भिंतीकडे वळलेला होता.

बाबा आणि आत्या तिच्या बोटांकडे टक लावून बघत होते.

“बाबा,” ती शांतपणे म्हणाली, “या दुकानात तुम्ही अनोळखी माणसासाठी पाठ फिरवता. माझ्यासाठी एकदा तरी फिरवलीत?”

बाबांच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा चष्मेवाल्याच्या पाठीकडे. मग हातातलं कुलूप जागेवर ठेवलं आणि सावकाश भिंतीकडे वळले.

“मीपण?” आत्या म्हणाली.

“तू आधी,” बाबांनी तिला खांद्याला धरून फिरवलं.

पासवर्ड टाकून झाला. “आता तुम्ही वळा,” बेबी त्याला म्हणाली. “आणि पुन्हा विचारा. तोंडाने. लिहून नको.”

त्याने विचारलं. अडखळत, दोनदा चष्मा काढून घालत. ती पुढे झुकली आणि त्याच्या कानात काहीतरी बोलली. काय ते इथे लिहिलेलं नाही. दुकानाचा नियम.

चष्मा नाकावर आहे की नाही हे न बघताच तो दारात आपटला, सॉरी म्हणाला — दाराला — आणि हसत हसत रस्ता ओलांडून गेला.

“काय म्हणाली रे?” आत्याने भिंतीला विचारलं.

“ताई,” बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले, “दुसऱ्याचा आकडा विचारायचा नसतो.”