चौकोन कुठे ठेवला

पुसदहून दिग्रसकडे निघालेल्या एसटीत अनघानं फोन डाव्या खिडकीच्या गजाला टेकवून धरला होता, आणि फोनवरचं चाक फिरत होतं... फिरतंच होतं. मांडीवर वही होती. कुठल्या मैलाच्या दगडाशी व्हिडिओ सुरू झाला, कुठे अडला, हे तीत लिहायचं होतं. सात दगड झाले, वही कोरीच.

"मॅडम, उजव्या खिडकीले या. तिकून डोंगर आडवा येते."

तिनं मागे पाहिलं. मांडीवर रेक्झिनची पिशवी घेतलेला तरुण. अंगात इस्त्री नसलेला सदरा, आणि ओठावर मात्र रोज पाणी घातल्यासारखी निगुतीनं राखलेली मिशी. घाटापर्यंत सिग्नल उजवीकडे, नाला ओलांडला की डावीकडे, पुढे चिंचेखाली शंभर पावलं, आणि मग थेट काही नाही, असं त्यानं एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगून टाकलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"माहा पणजा बैलांवर मीठ लादून याच वाटेनं जात होता. पाणी कुठं लागते हे त्याले पाठ होतं. मले हे पाठ आहे."

ती उजवीकडे सरकली. चाक थांबलं, फोनच्या कोपऱ्यात इंटरनेट आल्याचा 'ई' उमटला आणि कापसावरच्या तुडतुड्यांची माहिती सुरू झाली. आभार मानायला म्हणून तिनं मान वळवली ती जरा जास्त वेळ वळलेली राहिली. किती जास्त, याची वहीत नोंद नाही. पण क्लिप चाळीस सेकंदांची होती, आणि शेवटचे पंधरा सेकंद तिनं पाहिले नाहीत.

दोन हजार नऊ साल. कापसाचं नाव काढलं की माणसं आवाज खाली आणत, अशी ती वर्षं. पुसदमध्ये शेतकऱ्यांसाठी एक लहानसं माहिती केंद्र होतं. शेतातली अडचण मिनिटभराच्या व्हिडिओत बसवायची आणि गावोगावच्या, तांड्यातांड्यांच्या फोनवर पोचवायची, हे त्याचं काम. व्हिडिओ आकसून फोनात मावेलसा करणं अनघाकडे. केंद्राच्या प्रमुख पद्मजाताई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर उतरवून समोरच्याला तोलायची त्यांची सवय. जुना निवेदक पुस्तकासारखा बोलतो, लोक ऐकत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. अनघा म्हणाली की बसमध्ये एक जण भेटले होते, बोलायला बरे आहेत.

"भेटले होते," पद्मजाताई म्हणाल्या.

"नंबर आहे माझ्याकडे."

"नंबरही आहे," पद्मजाताई म्हणाल्या, आणि चष्मा वर चढवला.

अशा रीतीनं बोरतांड्याचा खेमसिंग राठोड दर गुरुवारी केंद्रात यायला लागला. त्याच सुमारास दर बुधवारी रात्री अनघाच्या ओढणीला इस्त्री व्हायला लागली. तिचे वडील चंद्रशेखर पाटबंधारे कार्यालयात हेडक्लार्क. आवक-जावक पाहण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी ही नोंद घेतली, आणि चांगल्या हेडक्लार्कसारखी तूर्त फाइलबंद केली.

मागच्या खोलीत निळ्या भिंतीसमोर चित्रण चाले. अनघानं पहिल्याच दिवशी खेमसिंगला समजावलं होतं की तांड्यापर्यंतची वाट पायवाटेएवढी अरुंद आहे. सेकंदाला साठ किलोबिट, त्यापलीकडे एक नाही. चित्रात जे हलतं ते वाट खातं. जे स्थिर राहतं ते जवळपास फुकटात जातं. म्हणून मागे झाड नको, वारा नको, पंखासुद्धा नको. आणि हा गडी तर दोन्ही हातांनी बोलणारा.

"हात मागे घ्या. तुमचा एक हात हलला की माझे वीस किलोबिट जातात."

"अन् मिशी हालली तं?"

"मिशी चालेल."

"हसलो तं?"

ती पडद्याकडे बघत राहिली. "हसू... महाग पडतं. पण एका क्लिपमध्ये एकदा परवडतं."

तेव्हापासून तो प्रत्येक क्लिपमध्ये एकदाच हसायचा, आणि कुठे हसू ते आधी विचारून घ्यायचा. युरियाची मात्रा सांगताना हसायची खरं तर काही गरज नव्हती. पण तिनं तिथंच सांगितलं होतं.

तिच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. माऊसनं चित्रावर एक चौकोन आखायचा. साठातला मोठा वाटा त्या चौकोनातल्या चित्राला मिळे आणि बाकीच्यानं उरल्यासुरल्यात भागवायचं. चौकोनात चित्र लख्ख, बाहेर आंबील. पहिल्या दोन क्लिपमध्ये नुसतं बोलणंच होतं, तेव्हा चौकोन बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर. त्यात वावगं काही नव्हतं. पुढे पानं आली, किडी आल्या, आणि चौकोन पानावर न्यायला हवा होता. चौकोन कुठे ठेवला हे पद्मजाताई कधी विचारत नसत. जे उघड आहे ते काय विचारायचं.

पोळा झाला आणि कपाशीवर पिठ्या ढेकूण दिसायला लागला. पांढरा, अंगभर पीठ माखलेला, देठाला चिकटून रस ओढणारा. गंमत अशी की त्याला खाणारी ढालकिड्याची अळीही पांढरीच, तीही पिठात लोळल्यासारखी. दोघांना एका पानावर ठेवलं तर ओळखावं कसं? खेमसिंगनं कॅमेऱ्यापुढे पान धरलं, दुसरा हात शहाण्यासारखा मागे ठेवला आणि सांगितलं, "बसून राह्यते तो चोर. चालते तो आपला गडी. आपला गडी दिसला तं फवारू नका."

इतकं सोपं. शुक्रवारी क्लिप गेली.

सोमवारी फोन यायला लागले. तांड्यांवर लोकांनी क्लिप पाहिली, तर पानावर दोन पिठाचे गोळे. ना कोणी बसलेलं, ना कोणी चाललेलं. बोरतांड्यात तिघांनी फवारून टाकलं आणि चोरासोबत राखणदारही मेला. खेमसिंग तर ओसरीओसरीला सांगत फिरला होता, की थांबा, आधी फोनवर पाहा. आता तीच माणसं त्याला विचारत होती, काय पाहू?

पद्मजाताईंनी निर्णय घेतला. डोंगरातलं नेटवर्क व्हिडिओला पुरत नाही, तेव्हा पुढच्या महिन्यापासून तांड्यांना नुसता आवाजी निरोप जाईल. तसा अहवाल त्या संध्याकाळी नागपूरच्या मुख्य कार्यालयाला पाठवायचा होता. आवाजासाठी नागपूरचा माणूस ठरलेलाच होता. म्हणजे निळी भिंत नको, गुरुवार नको, खेमसिंग नको.

अनघानं फाइल उघडली, नेटवर्क नेमकं कुठे अडलं ते पाहायला. पाहिलं, आणि खुर्चीत जराशी मागे सरली. खेमसिंगच्या मिशीचा केस न् केस वेगळा दिसत होता. हसताना उजव्या गालावर पडणारी बारीक रेघसुद्धा. पान मात्र आंबील. चौकोन त्याच्या चेहऱ्याभोवती होता, काटेकोर, चार बाजूंना सारखी जागा सोडून, शाळेत वहीला समास आखावा तसा.

आता काय करायचं? काहीच नाही केलं तरी भागत होतं. त्या दिवसांत नेटवर्कवर फोडलं नाही असं खापर जिल्ह्यात उरलं नव्हतं. न उचललेला फोन नेटवर्कमुळे, न पोचलेलं निमंत्रण नेटवर्कमुळे. त्यात आणखी एक. ती गप्प राहिली तर तिची लाज झाकली जाणार होती, आणि खेमसिंग तांड्यात कायमचा खोटा ठरणार होता. बोलली तर... तर सगळं बोलावंच लागणार होतं. नुसतं 'चुकले' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, चौकोन होता कुठे?

दुपारी खेमसिंग आला. बसला नाही. अहवालावर त्याचीही सही हवी होती.

"नेटवर्कचं असन तं असू द्या, मॅडम. सही करतो," तो पद्मजाताईंना म्हणाला. मग थोडं थांबून, अनघाकडे न बघता, "याडी मात्र एक बोलली."

याडी म्हणजे त्याची आई, जमनी. शेत तीच पाहत होती. पाठीला फवारणीचा पंप लावून निघाली होती, पण मुलाच्या शब्दाखातर थांबली आणि क्लिप तीनदा पाहिली.

"काय म्हणाल्या?" पद्मजाताईंनी विचारलं.

"म्हणे, पोरा, तुह्या मिशीचे केस मोजून घे, पण पान काही दिसत नाही. ज्यानं हे बनवलं त्यानं पान पाह्यलंच नाही."

टेबलावर पेन ठेवल्याचा आवाज झाला. पेन पद्मजाताईंचं होतं.

"ताई, नेटवर्कचा दोष नाही," अनघा म्हणाली. "चौकोन... चुकीच्या जागी होता."

"कुठे होता?"

"निवेदकाच्या चेहऱ्यावर."

चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "किती क्लिपमध्ये?"

"सहा."

"पहिल्या दोनांत पानच नव्हतं. त्या सोडल्या. म्हणजे चार चुका."

"पहिली चूक," अनघा म्हणाली. "पुढच्या तीन..."

पद्मजाताईंनी अहवालाचा कागद पालथा घातला. साडेतीनला दिग्रसची गाडी आहे, त्या म्हणाल्या; तोवर क्लिप नवी व्हायला पाहिजे, आणि जिथं शब्द गेला तिथं जाऊन दाखवायला पाहिजे. अहवालाचं उद्या बघू. मग त्या चहाला म्हणून बाहेर गेल्या. पद्मजाताई चहा घेत नसत.

खोलीत दोघं उरली. पंखा बंद होता; सवयीनं कोणी लावलाच नव्हता.

"चौकोन माह्या तोंडावर काहून, मॅडम?"

"माऊस तिथंच जायचा."

"माऊस?"

"...मी."

तो दोन्ही हात मागे घेऊन उभा राहिला, जणू चित्रण चालू आहे. अनघानं चौकोन उचलला, त्याच्या चेहऱ्यावरून ओढत खाली नेला आणि पानावर ठेवला. एवढासा प्रवास, पण तिच्या हाताला तो घाटासारखा लागला. मग पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. चौदा मिनिटं. तेवढ्यात त्यानं आपलं दोनदा घसा साफ केला, आणि तिनं तेवढ्याच वेळा वही उघडून मिटली.

नवी क्लिप सुरू झाली. पानावर एक पांढरा ठिपका बसला होता आणि दुसरा त्याच्याकडे चालला होता, तुरुतुरु, स्वच्छ. वर जिथं चेहरा होता तिथं ओल्या मातीचा गोळा. गोळा एकदा रुंदावला. ते हसू असावं.

"आता मी कोन, ते याडीलेही समजनार नाही."

"मला समजतं," अनघा म्हणाली. पडद्याकडे बघत म्हणाली, आणि मग मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

तो हसला. इथं हसू का, म्हणून विचारलं नव्हतं.

गाडीत घाटापर्यंत उजवी खिडकी, नाल्यानंतर डावी. सिग्नलच्या पाठोपाठ दोघांनाही जागा बदलावी लागली, आणि दोन्ही वेळी शेजारीशेजारीच बसावं लागलं, कारण क्लिप तपासायचा फोन एकच होता. कंडक्टरनं एकदा पाहिलं. नंतर त्यानं तिकिटं मोजायला घेतली.

चिंचेखाली शंभर पावलांतच 'ई' उमटत असे, म्हणून खेमसिंगच्या निरोपावरून तांड्यातले लोक तिथं आधीच जमले होते. ऊन कलतं होतं. जमनी पुढे बसली होती, हातात बांगड्या कोपरापर्यंत, आणि पंप शेजारी उभा केलेला, भरलेला. फोनवर चाक फिरायला लागलं. फिरलं, फिरलं... क्लिप चालली नाही तर शेजारचा पंप पाठीवर चढणार होता, आणि खेमसिंगचा शब्द दुसऱ्यांदा पडणार होता.

चाक थांबलं. पान आलं. पांढरा ठिपका चालला.

जमनीनं बोट टेकवून पडद्यावरच त्याची वाट धरली. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग उठून जवळच्या कपाशीच्या ओळीतल्या एका झाडाचं पान उलटवून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि परत येऊन पंपाची तोटी बंद केली. मागे उभ्या दोघांनी आपापली शेतं पाहायला पाय उचलले. खेमसिंगनं खांदे सैल सोडले. गेले तीन दिवस ते वर चढलेले होते.

जमनीनं मातीच्या गोळ्याकडे बोट दाखवून, हा कोण, असं विचारलं. चिंचेखाली हशा पिकला. मग तिनं अनघाकडे पाहिलं, धुळीनं भरलेल्या चपलांपासून इस्त्रीच्या ओढणीपर्यंत, आणि तांड्याच्या गोरबोलीत काहीतरी बोलली, चांगली दोन वाक्यं.

साडेपाचच्या परतीच्या गाडीपर्यंत खेमसिंग तिला पोचवायला आला. रस्त्याकडेला दोघं उभी राहिली.

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणे, आता पोरीनं पान पाह्यलं."

"ते एक वाक्य झालं. त्या दोन बोलल्या."

त्यानं मिशीवरून हात फिरवला. हात हलवायला आता कोणाची हरकत नव्हती. "म्हणे... पान पाह्यलं ते चांगलं केलं. पण आधी जिकडं पाहत होती, तिकडंही पाहत राहा म्हणा."

लांबून गाडीचा आवाज आला. अनघानं वहीत बघितलं. वहीत काही नव्हतं.

"पुसदपर्यंत चला," ती म्हणाली. "उजव्या खिडकीला बसून सगळं नीट सांगा."

"वापस जाताना ते डावी होते, मॅडम."

"अनघा."

गाडी येऊन थांबली. दार उघडलं. खेमसिंगनं एक पाय पायरीवर ठेवला, आणि सिग्नल शोधताना थांबावं तसा क्षणभर थांबला.

"डावी होते," तो म्हणाला, "...अनघा."