पंखा बंद ठेव

पंखा दुरुस्त करायला आलेल्या त्या गड्याने आधी स्टूल मागितलं, मग पाणी... आणि मग कुणालाही न विचारता बटण दाबलं.

पडदा उडाला. पलीकडे मी, पोटातून आलेल्या नळीचं तोंड उघडं धरून.

माझ्या किडन्यांनी कधीच राजीनामा दिलाय. या नळीतून पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं. नळी जोडताना हात धुवायचे, मास्क लावायचा, पंखा बंद. वाऱ्यासोबत जंतू आत गेले की—

"मेल्या, बंद कर तो," आई ओरडली.

"काय झालं?" त्याचा चेहरा पांढराफटक.

"अजून काही नाही," मी म्हटलं. "पाणी गढूळ आलं, की झालं."

दवाखाना गाठला, तिथे नर्सबाईंनी लगेच नळीचं टोक बदललं. तरी पोट दुखलंच, अंग तापलं, आणि पाणी आलं ताकासारखं. डॉक्टरांनी पिशवीतूनच औषध सुरू केलं. म्हणाले, "निवळलं नाही तर नळी काढावी लागेल. जिवाशी खेळ नको."

तो रोज घरी यायचा. दारातच उभा.

"पंखा नीट चालतोय ना, बघायला आलो."

"लावायची सोय आहे का? काय बघणार?"

"मग... पंखा सोडून बाकीचं बघतो."

आईने त्याला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, मास्क दिला. मास्कवरचे त्याचे डोळे... भित्रे होते, आणि फार चांगले होते. रात्री मला पोटाची भीती वाटायची, आणि तो उद्या आला नाही तर, याचीही.

पाणी निवळलं का, हे पिशवी पेपरवर धरून बघायचं. अक्षरं दिसली तर बरं. त्या सकाळी मी डोळे गच्च मिटले.

"तूच वाच. माझा धीर होत नाही."

पेपर नुसताच सळसळला.

"वाच ना..."

"वधू पाहिजे," तो वाचू लागला. "भांडखोर चालेल. पोटाला नळी असल्यास प्राधान्य. मुलाचे स्वतःचे पंखे आहेत, पण... सांगाल तेव्हा बंद ठेवेल."

मी डोळे उघडले. पिशवीखाली चपलांच्या दुकानाची जाहिरात होती. अक्षर न् अक्षर लख्ख.

"खोटारडा," मी म्हटलं.

"अर्धाच," तो म्हणाला, आणि बाहीने डोळे पुसले.

मी नळीचं टोपण घट्ट बसवलं, दोनदा तपासलं. मग मास्क काढला.

"आता लाव पंखा. उकडतंय मला."