आठ चाळीसची हजेरी

आठ चाळीस झाले होते. अकोल्याच्या त्या डाळमिलच्या कोपऱ्यावरून रागिणी वळली आणि समोरचं लोखंडी दार तिच्या डोळ्यांदेखत मिटलं... खट्!

दाराशेजारी अंगठा लावायचं यंत्र होतं. त्याच्या काचेवर अक्षरं अजून हिरवी चमकत होती – ‘भगवंत. हजर.’

तिनं जाळीतून आत डोकावलं. लांबच लांब बोळ आणि चिटपाखरू नाही. वरून कुठूनतरी तेवढी फडफड ऐकू येत होती. मिल नऊला उघडते. मग हे भगवंत गेले कुठे? दहा मिनिटं ती तशीच उभी राहिली.

“कोन पायजे?”

मागून आवाज आला तशी ती केवढी दचकली! केसांत डाळीचा पिवळा भुसा, खिशात पेचकस, आणि डोळे मात्र... जाऊ द्या!

“भाऊ, आत्ता आत कोण गेलं? भगवंत कोण?”

“बाप्पा! वळख ना पाळख, सकाळी सकाळी भाऊच करून टाकलं?” तो हसला, पण हसू अर्ध्यातच थांबलं. “भगवंतबुवा डाळीच्या चाळणीवर कामाले होते. त्यायले जाऊन आठ महिने झाले.”

रागिणीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

रागिणी चांदूर बाजारच्या महादेवरावांची मुलगी. घरचा धंदा फुलांचा. पोरीनं सहा महिने अमरावतीत राहून कॉम्प्युटरची राखण कशी करायची ते शिकून घेतलं, आणि तिथल्याच एका लहानशा कंपनीत तीन महिन्यांच्या बोलीवर लागली. नाव अजून कागदावर नाही. कॉम्प्युटरही ‘शिकाऊ-२’ म्हणून उघडायचा. या मिलची दारं आणि खाती तपासून आठ दिवसांत अहवाल द्यायचा, हे तिचं पहिलं एकटीचं काम. अहवाल जमला तर नोकरी पक्की. नाहीतर परत दुकानात हार गुंफत बसा, आणि आई स्थळं आणते ती बघा!

तिचे साहेब धर्मपाल सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “माणूस गेला की त्याचं खातं त्याच दिवशी बंद. उघडं राह्यलं, तं त्या दारातून कोनीबी येते.”

कोणीबी... अमरावतीत परतल्यावर ती रोज सकाळी मिलची नोंद उघडून बसायची. आठ चाळीस – भगवंत. मंगळवारी भगवंत. बुधवारी भगवंत. मागे जाऊन पाहिलं, तर मिल बंद असलेल्या रविवारीसुद्धा भगवंत! व माय... ती ओळ उमटली की ती मनातल्या मनात रामरक्षा म्हणायला लागायची.

आणि त्यानंतर पाचच मिनिटांत फोन वाजायचा. श्रावण – तोच पिवळ्या भुशाचा. मिलची वायरिंग आणि ऑफिसातला कॉम्प्युटर, दोन्ही त्याच्याच गळ्यात.

“भूत सापडलं का मॅडम?”

“सापडलं की पहिले तुमच्याच अंगात सोडते.”

“सोडा ना. त्या निमित्तानं तं याल अकोल्याले!”

ती लटक्या रागानं फोन ठेवायची... आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं जास्तच बोलायची. एकदा बोलता बोलता तो म्हणाला, “चाळणीवरच्या म्हाताऱ्यायचे अंगठे डाळ घासू घासू गुळगुळीत होऊन जातात. मशीन त्यायले वळखतच नाई.”

शनिवारी तेच वाक्य तिला टोचलं. तिनं भगवंतबुवांच्या नंबरावरचा ठसा काढून पाहिला. एकेक रेघ ठसठशीत, जशी तरण्या माणसाची! डावा अंगठा. नोंदवणारा – श्रावण.

बाई गं! भूत असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

रविवारी ती मिलसमोरच्या कडुनिंबाआड उभी राहिली. श्रावण आला, इकडेतिकडे पाहून डावा अंगठा टेकवला. ‘भगवंत. हजर.’

“रामराम, भगवंतबुवा!”

तो वळला. तोंडावरचा रंगच उडाला. मग त्यानं दार तिच्यासाठी धरून ठेवलं.

गच्चीवर शेदोनशे पारवे बसले होते. रांगेत, अगदी चिडीचूप, सगळ्यांची तोंडं जिन्याकडे. पलीकडून दुसरा एक लोखंडी जिना मागच्या गल्लीत उतरत होता – पहिल्या दिवशी तो तिच्या मागून आला, तो असा! श्रावणनं चुनी, म्हणजे डाळीचा बारीक चुरा, उधळली आणि एकदम फडफड उठली.

“मशीन बुवाले घेतच नव्हती,” तो म्हणाला. “रोज बिचारे दाराबाहेर उभे. मंग मी माहाच अंगठा त्यायच्या नंबरवर देला, अन् रोज दार उघडून देत जाऊ. जायच्या आदल्या दिवशी मले म्हणे, पारव्यायले उपाशी ठेवजो नोको. काम त्यायचं... तं हजेरीबी त्यायचीच लागली पायजे ना?”

“आणि पगार?”

“तो तं त्याच महिन्यात बंद झाला. नंबर तेवढा राह्यला.”

रागिणीचे डोळे भरून आले. “श्रावण, हे लिहिलं तर तुझी नोकरी जाईल रे.”

“अन् नाई लिवलं तं तुही. लिव रागिणी. नाई तं जन्मभर मले पाह्यशीन, अन् तुले हेच आठवत राहीन.”

“जन्मभर...?”

तो लाजला, आणि भलत्याच पारव्याकडे बघू लागला.

तिनं सगळं लिहिलं, नावासकट. शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं – पाखरांचं काम श्रावणच्या नावावर करावं, त्याची वेळ साडेआठची करावी. मालक केशवरावांनी सोमवारी अहवाल वाचला, चष्मा काढला. “नंबर आताच बंद कर,” म्हणाले. आणि श्रावणचं? “उद्या पाह्यतो.”

मंगळवार. अमरावती. आठ चाळीस झाले.

ओळ नाही.

आठवडाभर जिला घाबरली, त्याच ओळीची रागिणी आता वाट बघत होती. एक्केचाळीस... बेचाळीस... काढलं वाटतं त्याला. माझ्याच हातानं गेली त्याची नोकरी! त्रेचाळीस...

‘श्रावण. हजर.’

ती खुर्चीतच रडायला लागली. तेवढ्यात फोन वाजला, पलीकडे नुसती फडफड.

“काहून उशीर केला?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“केशवरावानं दाराशीच पकडून झापलं ना! मंग सोताच्याच खिशातून चुनीची पुडी काढून माह्या हातात देली. म्हणे, मीबी रोज ते नाव पाहून हात जोडत होतो... मले वाटे बुवाच येऊन राह्यले.” मग त्यानं विचारलं, “तुहं काय झालं?”

“धर्मपाल सरांनी सकाळीच माझं खातं उघडलं. माझ्या नावाचं!”

“मंग आयक. डावा अंगठा तं तू बंद केला. त्याच हाताचं अंगठीचं बोट रिकामं हाय. त्याचं काय करू?”

रागिणीचे कान तापले. धर्मपाल सर उगाच खिडकीबाहेर बघत होते.

“रविवारी चांदूर बाजारले ये. बाबाच्या दुकानात,” ती हळूच म्हणाली. “आठ चाळीसले. अन् श्रावण... या खेपेस सोताच्याच नावानं.”