पपनसाची साल

ऑपरेशनला चौदा महिने झाले होते आणि मी अजून बसूनच झोपत होतो. गाठीबरोबर डॉक्टरांनी जवळजवळ सगळी अन्ननलिकाच काढली होती आणि जठर वर ओढून गळ्याशी जोडलं होतं. जरा आडवं झालं की पोटातलं आंबट थेट घशात येई. घास तर गळ्याखालच्या खळीत नेमका एका जागी अडे. बायको, सोक-च्येंग, भाताची पेज गाळून देई. तरी एक वाटी संपवायला मला पाऊण तास लागे. गरम चहा बंद. आमच्या या चिनी बंदरात, शान्तोउमध्ये, चहा बंद म्हणजे कुणाकडे जाणंयेणंच बंद.

"सिमकाका, जोड आकसलाय," डॉक्टर म्हणत. तीनदा आत फुगा घालून त्यांनी तो रुंद केला. जळजळ हटली नाही.

मार्चमधल्या एका सकाळी नुसती पेज पोटात होती. अकराच्या सुमाराला छातीत आग उठली, घशाशी आली, आणि तिला चव होती. कालवांची. मागोमाग काहीतरी कडवट, सुवासिक. ऑपरेशनपासून मी कालव तोंडात घातलं नव्हतं.

"आज पेजेत काय घातलंस?"

"पाणी," सोक-च्येंग म्हणाली. "आणि माझं नशीब."

बंदरात भरती-ओहोटी मोजण्यात माझी अडतीस वर्षं गेली. तारीख आणि वेळ टिपून ठेवणं हाताला लागलेलं. चार वेळा तीच चव आल्यावर मी टिपणं पाहिली. चारही दिवस उधाणाचे होते. अमावास्या, पौर्णिमा. चंद्र समुद्राला ओढतो हे मला ठाऊक आहे. वाटीभर पेजेला ओढत नाही, हेही ठाऊक आहे.

तो कडवट वास मला मंडईत सापडला. फळवाली पपनस सोलत होती. पपनसाची साल! मी तिथेच उभा राहिलो, कारण त्याबरोबर मला तेह बुन-हाई आठवला.

तेह माझ्या शेजारच्या खाटेवर होता. खाडीपलीकडे कालवं पिकवणारा माणूस. आजार तोच, ऑपरेशनचा दिवसही तोच. नाकातोंडात नळ्या असतानाही तो जेवणाच्याच गोष्टी करी. "दादा, माझी बायको कालवं पपनसाच्या सालीत शिजवते. अख्ख्या किनाऱ्यावर दुसरं कुणी करत नाही. बरा झालो की तुला डबा पाठवतो बघ." चौथ्या दिवशी त्याला दुसरीकडे हलवलं. कुठे, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुढच्या पौर्णिमेला मी पूल ओलांडून जाणारी बस धरली. गावात शिंपल्यांचे ढीग, पायाखाली त्यांचाच चुरा. तेहचं घर विचारत गेलो. दाराशी एक बाई सुरीनं कालवं उघडत बसली होती. मी ओळख सांगितली.

"नवव्या दिवशी गेले ते," ती म्हणाली. हात पुसले. "या भावजी, आत या. तुमचं नाव घ्यायचे."

आत फळीवर तेहचा फोटो होता. समोर भात, चहाचा पेला आणि वाफाळणारी ताटली. "महिन्यातून दोनदा मी त्यांचं पान वाढते," म्हणत तिनं उदबत्त्या लावल्या आणि वाकून नमस्कार केला. अकराला दहा मिनिटं होती.

माझ्या छातीत आग उठली. मी टेबलाची कड धरली. कालवं, साल, लसूण, सगळं घशाशी आलं. आवरायच्या आत मी बोलून गेलो, "वहिनी, आज मीठ जरा जास्त पडलंय."

तिनं सवयीनं ताटलीतलं एक कालव उचलून चघळलं. "मला कसं कळणार? ते जेवले की मागे बेचव भुसाच उरतो. आधी वाटायचं, माझीच जीभ गेली..." मग तिचं तोंड थांबलं. "तुम्हाला कसं कळलं?"

मी सगळं सांगितलं. तारखांसकट.

ती फोटोकडे बघत राहिली. "म्हणजे इतके महिने ते उपाशी आहेत?"

"वहिनी, मी मुद्दाम काही—"

"उठा," ती म्हणाली. "पोट भरलं ना तुमचं? आता उठा."

त्यानंतरच्या अमावास्येला चव आली नाही. जळजळ आली. आणि त्या दिवसापासून पेज उतरेना. पाण्याचा घोटही खळीशी जाऊन परत येई. डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. जोड अंगठा जाईल इतका मोकळा होता.

"उतरायला हवं, काका. अडायचं काही कारणच नाही."

ते नळीनं अन्न द्यायचं बोलू लागले. माझं वजन बेचाळीस किलोवर आलं होतं. तेव्हा मी सोक-च्येंगला खाडीपलीकडची गोष्ट सांगितली. वाटलं, हसेल, दोन टोमणे मारील. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून गेली आणि दुपारी परतली.

"भेटली?"

"हो. खूप रडली."

"काय म्हणाली?"

"काही नाही. तुम्ही काय आवडीनं खाता, ते विचारलं."

पौर्णिमेला सकाळपासून स्वयंपाकघरात आल्याचा वास होता. सोक-च्येंगनं मासा वाफवला. अळकुड्या घोटून, साखर आणि चरबी घालून मऊ गोड लगदा केला. मला वाटलं, माझ्यापुढे आणील. ती बैठकीत गेली. माझ्या गेलेल्या आईवडिलांच्या फोटोंशेजारी तिनं माझा फोटो ठेवला, निवृत्तीच्या दिवशी काढलेला.

"अगं, मी इथे बसलोय."

तिनं भात वाढला, मासा ठेवला. कडक चहा ओतला, अगदी गरम. तीन उदबत्त्या लावून नमस्कार केला. तिचे खांदे हलत होते.

मी खुर्चीत बसून पाहत होतो.

उदबत्ती अर्ध्यावर आली आणि खळीतली जागा सुटली.

मासा उतरला. आलं उतरलं. मागून अळकुड्यांचा गोडवा, मग तो गरम चहा, सावकाश, थेट खालपर्यंत. छातीत कुठेही आग नव्हती. इतकी शांतता मला ऑपरेशनच्या आधीही आठवत नाही. डोळ्यांत पाणी आलं.

"सोक-च्येंग," मी म्हणालो, "पोट भरलं गं."

तिनं डोळे पुसले आणि समाधानानं मान हलवली.

फोटोकडे बघून.