प्रेस क्रमांक चारचे कुलूप

पुढे जे लिहितो आहे, त्यात एक अक्षरही माझ्या पदरचे नाही.

तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी चौतीस वर्षे कारखान्यांच्या देखभाल विभागात काढली. जे मोजता येते तेवढ्यावरच विश्वास ठेवायचा, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून आधी मोजलेले सांगतो. वार रविवार. वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. स्थळ, अकरा वर्षे बंद पडलेल्या कारखान्याची प्रेस शॉपची शेड.

रात्र नव्हती. बाहेर लख्ख ऊन होते.

निवृत्तीनंतर मला जिओकॅशिंगचा नाद लागला. कोणीतरी एक डबी कुठेतरी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. आपण मोबाइलवर ते लावून शोधत जायचे. सापडली की आतल्या नोंदवहीत सही करायची आणि डबी होती तशी, होती तिथेच ठेवायची. शिष्टाचार कडक आहे. काही तोडायचे नाही, उकरायचे नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला संशय येऊ द्यायचा नाही, आणि सापडली नाही तर तसे प्रामाणिकपणे लिहायचे. खरे सांगायचे तर मला डब्यांपेक्षा हे नियमच जास्त आवडत.

जोडीला माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ. घरात त्याला सगळे तुरतुऱ्या म्हणतात. धंदा घड्याळ दुरुस्तीचा. केसाएवढी स्प्रिंग चिमटीत धरून तो क्रिकेटवर तावातावाने भांडू शकत असे. त्या बोटांवर त्याचे घर चालत होते.

निघताना पत्नी दारात उभी राहिली.

"त्याला भरीस घालू नका. दोघंही धड परत या."

"ताई, भाऊजींना मी सांभाळतो," मेहुणा म्हणाला.

"आणि तुला कोण सांभाळणार रे?"

"भाऊजी!"

आम्ही हसत निघालो.

डबीच्या पानावर लिहिले होते, जागेच्या मालकाची परवानगी घेतलेली आहे. खाली एकच खूण दिली होती: जागेला शोभेल अशीच डबी आहे. आम्हाला हे नवीन नव्हते. लपवणारे लोक पोकळ दगड करतात, खोटे नटबोल्ट करतात. गेल्या वर्षी आम्हाला एक डबी नळाच्या तोटीत सापडली होती.

मोबाइलवरचा बाण आम्हाला शेडमध्ये घेऊन गेला. पत्र्याच्या छपराखाली उपग्रहाचा संदेश भरकटतो, शंभर-दीडशे फुटांची चूक सहज होते. हे मला ठाऊक होते. तरी गेलो.

आतली यंत्रे केव्हाच विकली गेली होती. जमिनीवर फक्त त्यांचे पायाचे बोल्ट उरले होते. एकच यंत्र जागेवर होते. पत्रा दाबून त्याला आकार देणारी पॉवर प्रेस, क्रमांक चार. दोन माणसांच्या उंचीची. खाली कमरेइतक्या उंचीवर टेबल, वर लटकलेला अजस्र रॅम, म्हणजे खाली येऊन दाबणारा लोखंडी ठोकळा, मध्ये दीड हाताची फट. बाजूचे फ्लायव्हील, ते जड चाक, गंजून लाल झालेले. भिंतीतून येणाऱ्या केबली तांब्यासाठी कापून नेलेल्या. वीज येण्याचा प्रश्नच नव्हता.

ठक... ठक... ठक...

"ऊन लागून पत्रा वाजतोय," मी म्हणालो.

भिंतीवर प्रेसचा मेन स्विच होता. दांडा खाली, म्हणजे बंद. दांड्याला कुलूप. कुलपाला लाल पाटी.

'माणूस यंत्रात आहे. चालू करू नये.'

यंत्रात शिरण्याआधी फिटर मेन स्विच पाडतो, त्याला स्वतःचे कुलूप लावतो आणि चावी खिशात ठेवतो. ते कुलूप दुसऱ्या कोणीही उघडायचे नाही. मालकानेसुद्धा नाही. हा नियम मी चौतीस वर्षे शिकवला.

"भाऊजी, सापडली!"

"कुठे?"

"अहो, हे कुलूपच डबी आहे! कारखाना अकरा वर्षं बंद, आणि कुलपाला गंजाचा ठिपका नाही? लपवणारा हुशार आहे, पण तेल जरा जास्त घातलंय त्यानं."

मी हात लावून पाहिला. बोटाला ताजे तेल लागले.

"उघडू?" त्याने खिशातून तारेचे बारीक आकडे काढलेसुद्धा.

त्या क्षणी मी नाही म्हणायला हवे होते. इतर कोणी म्हटले नसते तरी मी म्हणायला हवे होते. पण तो नियम कारखान्याचा होता, आणि त्या दिवशी मी कारखान्यात नव्हतो. खेळात होतो.

"उघड. फक्त तोडू नकोस," मी म्हणालो.

शिष्टाचार पाळला ना मी.

खट.

कुलूप उघडले... आणि ठकठक थांबली.

पत्रा वाजत असता तर थांबला नसता. ऊन तेच होते.

"आत काही नाही हो," तो कुलूप उलटे करून बघत म्हणाला. "साधंच कुलूप आहे."

तेवढ्यात प्रेसच्या आतून... अगदी शांत, कामात असलेल्या माणसाचा आवाज आला.

"कुलूप कोणी काढलं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

"अरे, कुलूप कोणी काढलं?" आता त्या आवाजात भीती होती.

"भाऊजी, कोणीतरी अडकलंय!" मेहुणा धावला. टेबलावर छाती टेकवून त्याने उजवा हात फटीत खांद्यापर्यंत घातला. "हात द्या! इकडे, इकडे!"

मी स्विचकडे पाहिले.

खाली असलेला दांडा... वर होता.

गंजाचे पापुद्रे खाली पडू लागले. फ्लायव्हील फिरत होते. मोटारीला तार नव्हती, आणि ते फिरत होते.

"बाहेर ये!" मी ओरडलो.

"हात धरलाय त्यानं! सोडत नाहीये!"

स्विच माझ्यापासून चार पावलांवर होता. मी त्याच्याकडे गेलो नाही. जमिनीवर लोखंडी पाइपाचा तुकडा पडला होता, तो उचलून मी टेबलापाशी गेलो. फटीच्या अंधारातून निळ्या बाहीतला, ग्रीसने काळा झालेला एक हात कोपरापर्यंत बाहेर आला होता. त्याची बोटे मेहुण्याच्या मनगटात रुतली होती.

मी मारले.

जोर लावून, दोनदा. दुसऱ्या फटक्याला हाड मोडल्याचे पाइपातून माझ्या तळव्याला कळले. "आई गं!" अशी किंकाळी आली. एक नाही. दोन गळ्यांतून.

पकड सुटली. मी मेहुण्याला पट्ट्याला धरून मागे खेचले, आणि रॅम खाली आला.

जमीन हादरली. मेहुणा माझ्या अंगावर कोसळला. माझा चष्मा रक्ताने भरला, काही दिसेना. रॅम वर गेला. पुन्हा आला. फटीत आता आमच्यापैकी कोणी नव्हते, तरी प्रत्येक घावाबरोबर आत काहीतरी ओले चिरडल्याचा आवाज होत होता, आणि प्रत्येक घावाआधी तो माणूस ओरडत होता. तिसऱ्या घावानंतर ओरडला नाही.

मी रांगत स्विचपाशी गेलो. दांड्याला लोंबकळून तो खाली पाडला. कुलूप अडकवून दाबले.

शांतता.

फ्लायव्हील जागच्या जागी. मी नंतर हाताने ढकलून पाहिले, गंजून घट्ट बसलेले होते. टेबलावर मेहुण्याच्या उजव्या हाताची तीन बोटे होती.

बाकी काही नव्हते. दुसऱ्या कोणाच्या रक्ताचा थेंबसुद्धा नाही.

रुग्णालयात शल्यचिकित्सकाने मला बाजूला घेतले.

"बोटं यंत्रात गेली हे समजलं. पण मनगट वरून मारून मोडलंय. कशानं तरी, दोनदा. कोणी मारलं?"

"मी मारलं, पण दुसऱ्याच्या हातावर," मी म्हणालो.

मग त्याने काहीतरी लिहून घेतले.

डबी लपवणाऱ्याला मी कळवले. त्याचे उत्तर आले की डबी फाटकाच्या पाइपाला चुंबकाने चिकटवलेली आहे, शेडमध्ये तो कधी गेलाच नाही. मी नोंद केली: सापडली नाही. त्याने डबी काढून घेतली.

खटपट करून त्या प्रेस शॉपचा जुना फोरमन शोधला. फोनवर तो आधी बोलायलाच तयार नव्हता.

"आमचा एक फिटर आत डाय, म्हणजे साचा, बदलत होता, साहेब. माल निघायची घाई होती. वरून हुकूम आला, कुलूप तोडा. आम्हाला वाटलं, तो जेवायला गेलाय."

"मग पुन्हा तिथे कुलूप कोणी लावलं?"

"कोण लावणार? त्या दिवसानंतर त्या प्रेसला कोणी हात लावला नाही. तोडलेलं कुलूप पोलिसांनी नेलं. तिथे कुलूपच नाही, साहेब."

मी फोन ठेवला.

इथवर असते तर मी हे लिहिले नसते. लिहावे लागते आहे ते मेहुण्यामुळे. रुग्णालयातून तो आमच्याकडेच राहायला आला, हात दोन महिने प्लॅस्टरमध्ये. प्लॅस्टर काढले त्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला.

"भाऊजी, तो मला आत ओढत नव्हता."

"मग?"

"माझा हात धरून बाहेर येत होता. खांदा निघाला होता त्याचा, मी पाहिला. आणि तुम्ही त्यालाच मारलंत."

"मी तुला वाचवत होतो रे."

"स्विच चार पावलांवर होता."

आधी स्विच पाडायचा, मग माणूस ओढायचा. हेही मीच शिकवायचो.

गेले पंधरा दिवस तो जेवणाच्या टेबलावर एक कुलूप घेऊन बसतो. आकडे डाव्या हातात. पत्नीला वाटते, भाऊ पुन्हा कामाला लागतोय, ती मोठ्या कौतुकाने त्याच्यासमोर चहा ठेवते. सोमवारी त्याला चार मिनिटे लागली. काल दीड. न विचारता मी घड्याळ लावून वेळ मोजतो, सवयच तशी आहे.

आज सकाळी चाळीस सेकंदांत कुलूप उघडले. त्याने ते माझ्यापुढे सरकवले.

"रविवारी येताय ना, भाऊजी? या वेळी तुम्ही फक्त स्विचचा दांडा खाली धरून उभे राहा. मी कितीही ओरडलो तरी तिथून हलू नका. त्याला बाहेर मी काढतो. डावा हात आहे अजून."

आज शुक्रवार आहे. उघडे कुलूप अजून माझ्यापुढेच आहे.