दादाच्या भिंतीला भोक

तबकडीवाला पहिल्यांदा चष्मेवालीसमोर बसला तेव्हा त्याला सुईचं टोक दिसत नव्हतं. रेकॉर्डवर फिरते ती सुई. टर्नटेबल विकणं आणि दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि चाळिशीनं नेमका तिथंच घाला घातलेला.

चष्मेवाली दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढच्या काचा बदलत एकच प्रश्न विचारायची – हे चांगलं, की हे? ‘दोन्ही सारखंच दिसायला लागलं की सांगा, म्हणजे नंबर सापडला,’ असं तिनं त्यालाही सांगितलं. लोक दहा मिनिटांत कंटाळून हो म्हणतात. हा गृहस्थ पाऊण तास बसला. “पहिलं ठळक आहे,” तो म्हणायचा, “पण दुसरं खरं वाटतंय… पुन्हा दाखवता?” बाहेर रांग खोकायला लागली. तिला राग येईना, आणि येत नाही याचाच राग आला.

शेवटी चिठ्ठी लिहिता लिहिता ती बोलून गेली, की तीही आयुष्यातला पहिला टर्नटेबल घेणार आहे, तो लाल, सुटकेससारखा मिटणारा. दाताच्या डॉक्टरला आपण खिळे चावतो म्हणून सांगावं, तसा त्याचा चेहरा झाला.

“ती पेटी रेकॉर्ड वाजवत नाही, खरवडते. घेऊ नका. म्हणजे… निदान मला भेटल्याशिवाय घेऊ नका.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या दुकानात होती. त्यानं तिला पाठमोरी बसवलं, एकच रेकॉर्ड दोन यंत्रांवर वाजवली आणि विचारलं, “हे, की हे?”

तिला घरात असं कोणी विचारत नसे. दादा विचारायचा, पण ठरवून झाल्यावर.

तिनं दुसरं निवडलं. वळून पाहिलं तर साधा काळा चौकोन, एक दिवा नाही. त्यानं हौसेनं समजावलं: थाळी जड, म्हणून फिरताना डगमगत नाही, सुई झिजली की बदलता येते, आणि तिचा रेकॉर्डवरचा भार मागचं वजन फिरवून हवा तेवढा ठेवता येतो. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “घरी जमीन कसली?”

“लाकडी. दादा चालला की कपबश्या वाजतात.”

“दादांचं वजन किती?”

असा प्रश्न तिला आजवर कुठल्याही पुरुषानं विचारला नव्हता. ती हसली तशी त्याच्या हातातला स्क्रू घरंगळला, आणि नवा चष्मा असूनही त्याला तो सापडेना.

जमीन हादरली की सुई उडी मारते, त्यावर इलाज एकच होता: टर्नटेबल भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवायचा. म्हणजे भोकं पाडायची. आणि घर वडिलांनी दोघा भावंडांच्या नावावर केलेलं असलं, तरी भिंती दादाच्या होत्या. कॅलेंडरसुद्धा कपाटाच्या मुठीला दोऱ्यानं लटकायचं.

“भोक बुजवलं तरी दिसतं,” दादा म्हणाला. “उद्या लग्न करून जाशील, भिंत इथंच राहील.”

“मीही इथंच राहीन म्हटलं तर?”

तिनं चौतिसाव्या वर्षी असं बोलणं दादाला रुचेना. वहिनी तिच्या, अजून न वाजलेल्या, अकरा रेकॉर्डना ‘तुझ्या थाळ्या’ म्हणायची; त्या दिवशी तिनं त्या पदरानं पुसून ठेवल्या.

रविवारी सकाळी तबकडीवाला टर्नटेबल, फळी, ड्रिल आणि पाणसळ घेऊन हजर झाला. दादा भिंतीला पाठ लावून उभा. तबकडीवाल्यानं दोघांकडं पाहिलं आणि ड्रिल तिच्या हातात दिलं.

“भोक मी पाडत नाही. ज्याचं घर, त्यानं पाडायचं. दुकानाचा नियम आहे.”

“दादा, बाजूला हो,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता, फक्त आधी कधी घरात आला नव्हता.

दादा हलला नाही. तिनं ड्रिल सुरू केलं आणि त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर टेकवलं. मग मात्र हलला.

चार भोकं. पांढरी धूळ दादाच्या चपलांवर. तबकडीवाल्यानं पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला, तिनं हलकेच सुई टेकवली. गाणं सुरू झालं आणि दादा दाणदाण पावलं टाकत खोलीभर फिरला. कपबश्या वाजल्या. सुई ढिम्म.

वहिनी स्वयंपाकघरातून येऊन खुर्चीत बसली. “अहो,” ती शांतपणे म्हणाली, “परत एकदा चाला बघू.”

तबकडीवाला सामान आवरत होता. चष्मेवाली त्याच्याजवळ वाकली. “असा नियम आहे दुकानाचा?”

“आजपासून आहे.”

“मग एक सांगा.” तिचे कान तापले होते, पण माघार घ्यायचा तो दिवस नव्हता. “पुढच्या रविवारी तुम्ही इथं यायचं… की मी दुकानात? हे, की हे?”

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिच्याकडं नीट पाहिलं. या वेळी पाऊण तास लागला नाही.

“दोन्ही सारखंच.”

“म्हणजे नंबर सापडला,” म्हणत तिनं ड्रिल उचललं आणि दादाला विचारलं, कॅलेंडर कुठं लावू?